पाहुणी

पाहुणा घरी आला की तो आज ना उद्या जाणार, हे ठरलेलेच असते. म्हणून तर आपण त्याला चहा देतो, जेवू घालतो आणि निघताना उंबऱ्यापर्यंत जाऊन 'पुन्हा या' म्हणतो. पण माझ्या घरी एक पाहुणी अशी आली, की तिला घरात यायचेच नव्हते! दार सताड उघडे होते, आत गोणपाट अंथरलेले होते, जर्मनच्या ताटलीत भाकरी कुस्करून ठेवली होती. आणि ती मात्र उंबऱ्याबाहेर अंग चोरून उभी. पुढे दोन महिन्यांनी ती गेली. त्या दोन महिन्यांत मी तिला घरात राहायला शिकवले, असे सगळे म्हणतात. मला मात्र वाटते, की शिकले ते मीच जास्त.

ही पाहुणी म्हणजे एक कुत्री. रंगाने तांबूस, एक कान मोडलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. तिला नाव ठेवायला आजीने पहिल्याच दिवशी बंदी घातली. "नाव ठिवलं की जीव गुतला," ती म्हणाली. म्हणून ती शेवटपर्यंत नुसती 'पाहुणी'च राहिली.

तिच्याबद्दल सांगण्याआधी थोडे आमच्याबद्दल सांगायला हवे. आमचे गाव बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. बीड जिल्ह्यातल्या हजारो घरांप्रमाणे आमच्याही घरातली कर्ती माणसे दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी टाकायची आणि पार कोल्हापूरकडे कारखान्याच्या मुलखात जाऊन कोपी घालायची. हंगाम संपेपर्यंत तीच कोपी हे घर. आजीने मला आणि धाकट्या भावाला ठेवून घेतले, म्हणून आमची शाळा सुटली नाही. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच! मी प्रथम वर्षात आले तेव्हा आम्ही तालुक्याच्या गावी एक खोली भाड्याने घेतली. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, एक खिडकी. आजी, भाऊ आणि मी. शेजारच्या खोल्यांत घरमालकीणबाई.

२०२४ च्या डिसेंबरातली गोष्ट. कॉलेजच्या रस्त्यावर ती बिनकठड्याची विहीर आहे ना, तिच्याभोवती सकाळी घोळका दिसला. आत पाणी होते, आणि पाण्यालगतच्या कपारीवर एक कुत्री बसलेली. कधीची पडली होती, कुणास ठाऊक! आमच्याच वर्गातला एक मुलगा कमरेला दोर बांधून उतरला. भाजीचे कॅरेट दोराला बांधून सोडले होते. त्यात तिला बसवून वर काढले. तिचा मागचा पाय लोंबत होता. पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांनी पायाला प्लॅस्टर घातले, रेबीजची लस दिली आणि म्हणाले, "सहा आठवडे हिला आत ठेवा. पळू द्यायचे नाही, प्लॅस्टर भिजू द्यायचे नाही. अशीच रस्त्यावर सोडली, तर दुसरी कुत्री हिला जगू देणार नाहीत."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. कुणाच्या घरी आधीच दोन मांजरे, कुणाचे वडील मारकुटे. "पाय बरा झाला की आम्ही चांगले घर शोधू. तोवर कुणी सांभाळील का?" त्या मुलाने विचारले. आणि मी 'हो' म्हणून बसले. आजीला न विचारता!

संध्याकाळी तिला उचलून आम्ही उंबऱ्याच्या आत ठेवले. उचलून आत ठेवले म्हणजे आत आणले, अशी माझी समजूत होती. किती खोटी! ती फरशीवर उभी राहायला गेली तर तिन्ही पाय तीन दिशांना घसरले. भावाने पंखा लावला, तर तो डोक्यावर फिरताना पाहून तिने पोट जमिनीला टेकवले. शेजारी कुकरची शिटी झाली आणि ती जी बाजेखाली शिरली, ती बाहेर येईना. तिथेच तिने लघवी केली. रात्री दोनच्या सुमाराला तिने गळा काढला. ते भुंकणे नव्हते. लांब, बारीक आणि वर चढत जाणारा तो सूर ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पलीकडून मालकीणबाईंनी भिंतीवर थापा मारल्या. सकाळी त्या दारातच उभ्या! "उद्या हे ध्यान इथं दिसता कामा नये."

आजी आदल्या रात्रीपासून माझ्याशी बोलत नव्हती. पण ती पदर सावरत उठली आणि म्हणाली, "सहा आठवडे द्या, बाई. पोरीनं शबुद दिलाय. कालिजात जातीया, तिचा शबुद पडू देऊ नका."

तो आठवडा म्हणजे माझ्या चुकांचा आठवडा होता. अशक्त आहे म्हणून वाटीभर दूध पाजले, तर तिचे पोट बिघडले. मोठ्या कुत्र्यांना दूध बहुधा सोसत नाही, हे डॉक्टरांकडून कळले. वास मारू नये म्हणून फरशीवर फिनेल ओतले, तर ते म्हणाले, "चाटले तर विषबाधा होईल. साबणाच्या पाण्याने धुवा आणि वर खाण्याचा सोडा टाका. लघवीचा वास राहिला, की ती पुन्हा तिथेच जाईल." लाडाने डोक्यावरून हात फिरवायला वाकले, तर ती भिंतीत शिरावी तशी मागे सरकली. डॉक्टर हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "ती जन्मापासून आभाळाखाली राहिली आहे. संकट आले की पळायचे, एवढाच तिचा उपाय. तुमच्या खोलीत पळायला जागाच नाही. मग तिला ते घर वाटेल की विहीर?"

विहीर! या एका शब्दाने माझे डोळे उघडले. आम्ही तिला एका विहिरीतून काढून दुसरीत टाकले होते.

मग आम्ही नव्याने सुरुवात केली. बाजेखालचा कोपरा तिचा ठरला. पाठीला भिंत आणि समोर दार दिसेल असा. बाजेपासून दारापर्यंत आजीने गोणपाटांची वाट अंथरली, म्हणजे पाय घसरायला नको. पंखा बंद; नाहीतरी थंडीच होती. खाणे रोज त्याच वेळी, त्याच जागी. झोपून उठली की आणि खाल्ले की दहा मिनिटांत प्लॅस्टरवर पिशवी बांधून बाहेर, त्याच बाभळीखाली. आत चुकून झालेच, तर ओरडायचे नाही, मुकाट्याने पुसायचे. तिच्या डोळ्यांत रोखून पाहायचे नाही, समोरून चालून जायचे नाही, तिच्याकडे कूस करून बसायचे.

तरी चौथ्या दिवशी घडायचे ते घडलेच. ती खात असताना मी ताटली जरा पुढे सरकवायला गेले आणि विजेसारखे तिचे तोंड माझ्या हातावर आले. रक्त नव्हते, दाताचा ओरखडा होता. पण रेबीजशी जुगार खेळायचा नसतो. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. नळाखाली पंधरा मिनिटे साबणाने हात धुतला आणि ग्रामीण रुग्णालय गाठले. पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी अशा लसीच्या फेऱ्या ठरल्या.

घरी येऊन मी खूप रडले. ओरखड्यासाठी नव्हे. जिच्यासाठी मी सगळ्यांचे बोलणे खाल्ले, तिनेच मला चावावे, याचे वाईट वाटले. "उद्या सोडून येते तिला," मी म्हणाले.

आजी चुलीपुढे होती. पंढरीची वारी केलेली बाई ती. तिच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एखाद्या संताची गोष्ट असते. "नामदेव म्हाराजांची पोळी कुत्र्यानं पळवली, तर म्हाराज काय करत्यात?" तिने विचारले.

"तुपाची वाटी घेऊन मागं धावले. कोरडी पोळी खाऊ नको म्हणून." ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली.

"आन कुत्रं काय करत व्हतं?"

मी गप्प. याचा कधी विचारच केला नव्हता!

"पळत व्हतं, बये! त्याला काय ठावं, मागून येनारा काठी घिऊन येतोय का तूप? तुझ्या हातात तूप हाय, हे तिला कळाया येळ लागंल. तवर धावू नगं. वाटी घिऊन बस नुसती."

मित्रहो, एवढे मोठे शहाणपण मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नव्हते. मी वाटी घेऊन बसले. म्हणजे खरे तर पुस्तक घेऊन बसले. रोज संध्याकाळी बाजेपाशी कूस करून बसायचे आणि इतिहासाच्या टिपणवह्या हलक्या आवाजात वाचायच्या. काश्मीरमधल्या बुर्झाहोम येथे नवाश्मयुगीन माणसांच्या दफनांत कुत्रीही पुरलेली सापडली, हे मी तिलाच वाचून दाखवले. हजारो वर्षांची ही सोयरीक! पण ती सोयरीक माणूस आणि कुत्रा या जातींची. ही एक कुत्री आणि मी एक मुलगी, आमची ओळख आम्हालाच पहिल्यापासून करायची होती. वाचता वाचता मी भाकरीचा तुकडा न बघता मागे ठेवत असे. आठव्या दिवशी बाजेखालून नाक बाहेर आले. बाराव्या दिवशी माझ्या पायाच्या घोट्यावर ऊन ऊन श्वास लागला. मी वळून पाहिले नाही. वाचतच राहिले; काय वाचत होते, ते मात्र एक अक्षर कळले नाही!

आणि एक सकाळ उजाडली. बाहेरून आल्यावर रोज तिला उचलून आत घ्यावे लागे. त्या दिवशी मी दोरी सैल सोडली, एकटीच आत गेले आणि दाराकडे पाठ करून बसले. भावाने तोंडावर हात दाबून धरला होता. बराच वेळ काही नाही. मग फरशीवर नखांचा आवाज आला. टक... टक... आणि मागून प्लॅस्टरचा ठक! ती आपल्या पायांनी उंबरा ओलांडून आली आणि गोणपाटाच्या वाटेने जाऊन आपल्या कोपऱ्यात बसली. आजीने कोपरापासून हात जोडले.

मला वाटले, जिंकलो. पण आता नवेच संकट! आधी माणसे जवळ आली की घाबरणारी पाहुणी आता माणसे दूर गेली की घाबरू लागली. भाऊ शाळेत, आजी बाजारात आणि मी दाराला कडी लावून कॉलेजला निघाले, की आत आकांत. दार ओरबाडून तिने नखे रक्ताळून घेतली. मालकीणबाईंनी शेवटची ताकीद दिली. डॉक्टर म्हणाले, "तिला जाणे नको, येणे शिकवा. दहा अंक मोजेपर्यंत बाहेर थांबा आणि परत या. मग एक मिनिट. मग पाच. ती गप्प झाली की आत या. जाताना निरोप नको, येताना सोहळा नको. गेलेले माणूस परत येते, एवढेच तिला कळू द्या."

मग आमचा तो खेळ सुरू झाला. कडी लावायची, पायरीवर बसायचे, मोजायचे. एक, दोन, तीन... दहा. कडी काढायची. पुन्हा लावायची. भाऊ मोबाइलमध्ये वेळ लावून बसायचा. असेच एकदा पायरीवर बसून अंक मोजता मोजता माझा आवाज अडला.

मी सात वर्षांची होते. दिवाळी नुकतीच सरली होती. आईने माझ्या हातात बिस्किटचा पुडा दिला आणि म्हणाली, "बाजारला जाऊन येते." ट्रॅक्टर निघाला. ट्रॉलीत आईची पाठ दिसत होती. तिने मागे वळून पाहिले नाही. मी उंबऱ्यावर बसून राहिले. अंधार पडला, आजीने जेवायला बोलावले, तरी बसूनच राहिले. बाजार उठला असेल, आता येईल... आता येईल... आई आली ती उन्हाळ्याच्या तोंडावर. तोवर मी बिस्किटचा पुडा फोडला नव्हता.

माझ्यासाठी कुणी दहापर्यंत मोजले नव्हते. मोजायला त्यांच्याकडे वेळ कुठे होता? पाहुणी दारापलीकडे का ओरडते, हे मला डॉक्टरांपेक्षाही आधी कळायला हवे होते.

जानेवारीच्या अखेरीस पाहुणी दोन तास एकटी झोपून राहू लागली. २०२५ च्या फेब्रुवारीत प्लॅस्टर निघून पंधरवडा झाला आणि पोरांनी तिच्यासाठी घर शोधल्याची बातमी आणली. शेजारच्या गावचे निवृत्त शिक्षक दांपत्य, मोठे अंगण, घरात दुसरे कुत्रे नाही. यापेक्षा चांगले ते काय मिळणार? ती माझी नव्हतीच. मला सांभाळायला दिली होती. एका खोलीत आम्ही तिघे, आई-दादा आले की पाच जण. आणि मीच तिला ठेवून घेतली, तर विहिरीतून निघणाऱ्या पुढच्या जिवाला कुणाच्या घरी न्यायचे? सगळे पटत होते. पण पटणे वेगळे आणि सोसणे वेगळे.

पोचवायला मी गेले. तिच्या अंगाच्या वासाचे एक गोणपाट सोबत नेले आणि त्यांच्या ओटीच्या कोपऱ्यात अंथरले. पाठीला भिंत, समोर दार. बाईंना सगळे समजावून सांगितले. "महिनाभर येऊ नकोस, पोरी," गुरुजी म्हणाले, "तिचे मन इथे बसू दे." मी उठले. पाहुणी ओरडली नाही, मागे धावली नाही. मोडका कान टवकारून, शांत बसून माझ्याकडे पाहत राहिली. ती का शांत होती, हे माझ्याशिवाय तिथे कुणाला ठाऊक होते? गेलेली परत येते, हे मीच तिला शिकवले होते! ती मनात दहा मोजत असेल... आणि मी बाहेरून कडी लावून मागे वळून न पाहता निघाले.

त्या रात्री आईचा फोन आला. मागे ट्रॅक्टरची घरघर ऐकू येत होती. "दिली का गं पाहुणी?" तिने विचारले. मी 'हो' म्हणाले आणि बारा वर्षे गिळलेला प्रश्न एकदम बाहेर पडला. "आई, मी लहान असताना तू जायचीस, तेव्हा मागं वळून का बघितलं नाहीस?"

बराच वेळ नुसती घरघर. मग आई म्हणाली, "वळले असते तर ट्रालीतून उडी टाकली असती. आन उडी टाकली असती तर उचल कुणी फेडली असती?" थोडे थांबून ती पुन्हा म्हणाली, "फडात रोज मोळ्या मोजताना मी दिस मोजायची, बाळा. एक मोळी, एक दिस."

म्हणजे कुणीतरी मोजत होते. दाराच्या अलीकडे मी आणि तिकडे दूर, उसाच्या फडात, माझी आई. मला फक्त तिचा आवाज ऐकू आला नव्हता.

मार्चच्या मध्यावर मी गुरुजींच्या घरी गेले. फाटकाचा आवाज होताच पाहुणी अंगणातून सुटली. चारी पायांवर! माझ्याभोवती गिरक्या घेतल्या, हात चाटले, कुईकुई करून सारे अंगण डोक्यावर घेतले. जिथे ओरखडा उठला होता, तोच हात तिने पुन्हा पुन्हा चाटला. आम्ही दोघी पायरीवर बसलो. थोड्या वेळाने आतून बाईंनी हाक मारली. जेवणाची वेळ झाली होती. त्यांनी तिला नाव ठेवले होते! ती उठली, उंबऱ्यापर्यंत गेली, तिथे थांबून एकदा माझ्याकडे वळून पाहिले आणि सहज आत निघून गेली. कुणी उचलले नाही, कुणी ओढले नाही. आपल्याच घरात जावे तशी.

मी बाहेर पायरीवरच होते. बाई चहाचा कप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अगं, बाहेर का? आत ये ना." मला हसूही आले आणि रडूही. आता पाहुणी मी होते!

त्याच महिन्यात हंगाम संपला आणि आई-दादा परतले. पाहुणी नेली तरी गोणपाटांची ती वाट आम्ही बरेच दिवस काढली नव्हती. शेवटी आजीने ती धुऊन, वाळवून, घडी घालून बाजेखाली ठेवली. मी म्हणाले, "आजे, आता कशाला जपतीस? टाकून दे."

"टाकू नगं," आजी म्हणाली. "त्या हिरीला अजून कठडा न्हाई. कवा कोन यील, काय ठावं!"

— द्वितीय वर्ष, कला